भरपाई कोणाला, पैसे कोणाला?

सरकारने एखाद्याचं दुकान बंद केलं तर त्याला भरपाई द्यायची की नाही? प्रश्न साधा वाटतो ना? इंग्लंडला याचं उत्तर शोधायला १८८८ ते १९०४ अशी सोळा वर्षं लागली!

भानगड पबची होती. पब फार झालेत, कमी करायला हवेत, असं तेव्हा बऱ्याच जणांना वाटत होतं. घोडं अडलं ते पैशांपाशी. दारूविरोधी मंडळी म्हणत, परवाना एका वर्षाचा. पुढच्या वर्षी दिला नाही तर भरपाई कसली? पबवाले म्हणत, तो दरवर्षी मिळत आलाय म्हणूनच तर आम्ही यात पैसा घातला.

१८८८ साली मंत्री रिची यांनी विधेयकात भरपाईची कलमं घातली. ओरड झाली, कलमं मागे. १८९० साली अर्थमंत्री गॉशेन यांनी दारूवर जादा कर बसवला. त्यातून परवाने विकत घेऊन रद्द करायचे, असा बेत. पुन्हा ओरड, पुन्हा माघार. पण कर तर बसला होता! मग त्यातला बराच पैसा काउंटी कौन्सिलांमार्फत तांत्रिक शिक्षणाकडे वळला. लोक त्याला 'व्हिस्की मनी' म्हणू लागले. म्हणजे पब बंद करायला काढलेल्या पैशांवर मुलं शिकली. हे मात्र छानच झालं.

पबवाल्यांचं काय? १८९१ साली केंटमिअर नावाच्या आडगावातल्या एका पबचा खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. गरज नाही, आणि पोलिसांची देखरेखही नाही, म्हणून परवाना नाकारला होता. लॉर्डांनी ते योग्य ठरवलं. भरपाईचा कायदा झालेला नव्हताच, त्यामुळे हक्काने मागण्यासारखं काही उरलं नाही.

१८९६ मध्ये आयोग नेमला. १८९९ मध्ये अहवाल आले, तेही दोन. अध्यक्ष पील स्वतःच अल्पमतात!

अखेर १९०४ साली बाल्फोर सरकारने कायदा केला. भरपाई मिळणार, पण सरकारी तिजोरीतून नाही. चालू राहिलेल्या पबवाल्यांकडून पट्टी वसूल करून. त्यातही मोठा वाटा जागेच्या मालकाला, म्हणजे बहुधा बिअर कंपनीला. गल्ल्यावर बसणाऱ्या भाडेकरूच्या हाती थोडंच.

मला दारूचं कौतुक नाही. पब कमी झाले ते बरंच झालं. पण कंपनीचे पब अनेक, ती थांबू शकते. ज्याचा एकच, त्याचं घरभाडं काही आयोगाच्या अहवालासाठी थांबत नाही.

असो. तुम्हाला काय वाटतं?