टेलच्या घरापर्यंत : आपल्या सोसायटीच्या वाय-फायचा इतिहास

संपादक मंडळाने 'सोसायटीतल्या इंटरनेटचा इतिहास' हा विषय कॉम्प्युटरवाल्या पोरांना सोडून माझ्या गळ्यात का मारला, हे मला ठाऊक आहे. मी पाटबंधारे खात्यातला निवृत्त कालवा निरीक्षक. २०२१ च्या सर्वसाधारण सभेत वाय-फायवरून जे रण पेटलं, त्यात मी पाण्याचे दाखले देत बसलो होतो, ते मंडळींच्या लक्षात राहिलं. तेव्हा आता तक्रार चालणार नाही. सुरुवात पाण्यापासूनच होईल.

१८७६-७७ च्या दुष्काळात बारामती-इंदापूरचा हा सगळा मुलूख होरपळून निघाला. त्यानंतर इंग्रज सरकारने भोरकडे वेळवंडी नदीवर भाटघरचं धरण बांधलं, खाली वीरला नीरेवर बंधारा घातला आणि तिथून नीरा डावा कालवा काढला. १८८५ च्या सुमारास त्यात पाणी खेळू लागलं. पुरंदरमधून निघून, बारामती ओलांडून, इंदापूर तालुक्यात विसावणारा हा कालवा शंभर मैलांच्या आसपास लांब. दुष्काळात माणसं आणि ज्वारी-बाजरी जगवायला काढलेला. पण मुखाकडच्या माणसाला बारमाही पाणी दिसलं की तो बाजरी लावत नाही, ऊस लावतो. आणि वर ऊस वाढला की खाली टेलला चारी कोरडी. मुंबई इलाख्यात नोकरीला असलेल्या विश्वेश्वरय्यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला याच कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली. पाणी गावोगावच्या ठरावीक पट्ट्यांत वाटायचं, आणि पट्ट्यातल्या काही भागातच ऊस घ्यायचा. पुढे शेजपाळीत नियम आला की आवर्तनाची पाळी टेलपासून सुरू करून मुखाकडे यायचं. नियम कागदावर किती आणि चारीवर किती, यावर माझी सगळी नोकरी गेली. रात्री दोनला दारे धरून उभा असलेला टेलचा शेतकरी आणि वरच्या मोरीत कुणीतरी कोंबलेला गोणपाट, हे मी किती वेळा पाहिलं त्याची मोजदाद नाही.

आता आपली सोसायटी. पहिली वीस वर्षं दोन ओळींत संपतात. लँडलाइनसाठी नंबर लावला, कोपऱ्यावरचं पिवळ्या पाटीचं एसटीडी बूथ बंद पडलं, मोजक्या घरांत ब्रॉडबँड आलं, आणि २०१६ नंतर फोरजी एवढं स्वस्त झालं की बाकी सगळं लोक विसरले. मग जून २०२० मध्ये शाळा मोबाइलवर भरू लागली. एकाच टॉवरवर अख्खी वस्ती तुटून पडली. ड इमारत ओढ्याच्या बाजूला, खोलगट जागी. तिथली पोरं दप्तर घेऊन अ इमारतीच्या पार्किंगमध्ये बसायची, कारण रेंज तिथे होती. ड मधल्या एका वहिनी स्वतः शिक्षिका. त्या आमच्या जिन्यात बसून तास घ्यायच्या. ही गोष्ट कमिटीला बोचली आणि सगळ्यांनी मिळून एकच मोठी लाइन घ्यायची, गच्च्यांवर डबे बसवून ती चारही इमारतींना वाटायची, असं ठरलं.

पुण्यात नेटवर्कचं काम करणारा माझा पुतण्या मला म्हणाला, "काका, याला मेश म्हणतात. प्रत्येक डबा शेजारच्या डब्याला पाणी पुढे देतो. आणि जिथे बाहेरची लाइन येऊन मिळते तो गेटवे." म्हणजे मुख. मला एवढं पुरे होतं.

पण एक गोष्ट पाण्यासारखी नाही आणि ती समजायला मला दोन दिवस लागले. डबा एका वेळी ऐकतो तरी किंवा बोलतो तरी. एकाच चॅनलवर काम चाललं असेल तर शेजारचा बोलत असताना याने गप्प बसायचं. त्यामुळे एका उडीत जो वेग मिळतो, तो दोन उड्यांत निम्मा होतो, तीन उड्यांत तिसरा हिस्सा. कालव्यात पाणी झिरपतं, उन्हाने उडतं, तरी पोचतं. इथे पुढे देण्याच्या कामातच अर्धं संपतं. २००० साली पीयूष गुप्ता आणि पी. आर. कुमार या दोघांनी गणिताने दाखवलं की अशा जाळ्यात घरं चौपट झाली तर प्रत्येकाचा वाटा साधारण निम्म्यावर येतो. आणि सगळ्यांना एकाच मुखातून घ्यायचं असेल, तर त्याहून वाईट.

अशी जाळी जगात आधी झाली होती. अमेरिकेत केंब्रिज गावी एमआयटीच्या मंडळींनी रूफनेट नावाचं जाळं उभारलं होतं. साधारण चार चौरस किलोमीटरमध्ये स्वयंसेवकांच्या छपरांवर ३७ डबे, आणि त्यातले मोजकेच गेटवे. आखणी अशी फारशी नाही, ज्याने छप्पर दिलं तिथे डबा. आपल्याकडचा दाखला मला जास्त भावतो. मुंबई आयआयटीच्या प्राध्यापक अभय करंदीकर आणि सहकाऱ्यांनी ग्राममार्ग प्रकल्पात पालघरच्या सात गावांत प्रयोग केला. सरकारची फायबर ग्रामपंचायतीपर्यंत येणार, पण तिथून पाड्यापर्यंत काय? मधे डोंगर आणि झाडी. साध्या वाय-फायची लहर झाडापुढे हात टेकते, म्हणून त्यांनी टीव्हीच्या पट्ट्यातल्या रिकाम्या लहरी वापरल्या. त्या झाडीतून बऱ्या जातात. खामलोलीच्या टॉवरवर मुख ठेवलं आणि आसपासची गावं जोडली. २०१७ मध्ये या कामाला मोझिलाच्या स्पर्धेत सव्वा लाख डॉलरचं बक्षीस मिळालं. बक्षिसापेक्षा मला त्यातलं मुखाच्या जागेचं काम मोठं वाटतं. टॉवर आयता कुठे आहे, डोंगर कुठे आडवा येतो आणि शेवटचा पाडा कुठे, हे तिन्ही बघितल्याशिवाय तिथे खांब उभा राहत नाही.

आपल्याकडे मात्र मुख आधीच ठरल्यासारखं होतं. फायबर गेटपाशी येते, गेटला लागून अ इमारत, खाली सोसायटीचं ऑफिस. बसवा तिथेच. अ मध्ये ४० घरं, ब मध्ये १६, क मध्ये १२, ड मध्ये ८. चारही एका ओळीत, आणि क च्या पाण्याच्या टाकीमुळे ड ला फक्त क दिसते. म्हणजे अ पासून ब एक उडी, क दोन, ड तीन.

पुतण्याने कागदावर बेरीज मांडली. मुख अ वर ठेवलं तर सगळ्या घरांच्या मिळून उड्या ६४. ब वर ठेवलं तर अ च्या ४० घरांना एकेक उडी पडते आणि बेरीज होते ६८. अ वाल्यांनी लगेच टाळ्या वाजवल्या. हिशोब त्यांच्या बाजूचा! पण त्याच कागदावर दुसरा रकाना होता. सगळ्यात लांबच्या घराला किती उड्या? अ वर मुख असेल तर तीन, ब वर असेल तर दोन. हे दोन रकाने निराळे आहेत, हे १९६४ मध्ये हकीमी नावाच्या संशोधकाने टेलिफोनच्या जाळ्यात एक्स्चेंज कुठे ठेवावं याचा विचार करताना नीट मांडून ठेवलं आहे. एक जागा एकूण अंतर कमी करते, दुसरी सगळ्यात दूरच्या माणसाचं. दोन्ही जागा दर वेळी एक निघत नाहीत. कोणता रकाना बघायचा हे गणित सांगत नाही, ते सभेने ठरवायचं.

सभा अडीच तास चालली. ब पर्यंत फायबर न्यायची तर पेव्हर ब्लॉक उचकटून पाइप टाकायला हवा, त्याचा खर्च कुणी करायचा? ८ घरांसाठी ४० घरांनी का सोसायचं? मेंटेनन्स सगळे सारखाच भरतात, मग वेग कमी-जास्त का? (हा प्रश्न क मधल्या काकूंनी विचारला आणि त्याला उत्तर कुणीच दिलं नाही.) एकजण म्हणाले, "चारही इमारतींना केबलच ओढा ना!" बोलणं बरोबर होतं, पण त्या वर्षी लिफ्टच्या दुरुस्तीने सिंकिंग फंड आधीच खाल्ला होता. मी उठून नीरा कालव्याचं सांगितलं. दोघा-तिघांनी घड्याळं पाहिली, हेही नमूद करतो. शेवटी वहिनी उभ्या राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "आमच्या पोरांना तुमच्या पार्किंगमध्ये बसायचं नाहीये." त्यानंतर मतदान झालं. ब ला मुख ठेवण्याचा ठराव पास झाला. अ मधल्या बऱ्याच घरांनी बाजूने हात वर केले, आणि ते इथे छापून यावं म्हणून मुद्दाम लिहितो आहे.

ड ला तरीही संध्याकाळी वेग पडायचा, कारण ब-क मधल्या लोकांचे सिनेमे त्याच वेळी. मग पुतण्याने प्रत्येक इमारतीला वेगाची कमाल मर्यादा घातली. मी त्याला म्हटलं, "ही तुझी शेजपाळीच रे!" तो हसला. दोन वर्षांनी फायबरवाल्यांनी घरोघर कनेक्शन द्यायला सुरुवात केली आणि बहुतेकांनी आपापलं घेतलं.

आपल्या गावात हा प्रश्न आता शेतात गेला आहे. अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या उसातल्या एआय प्रकल्पात रानात हवामान केंद्रं आणि जमिनीतला ओलावा मोजणारे सेन्सर आहेत. डोक्यावरून गेलेला हिरवा ऊस म्हणजे उभं पाणीच, आणि पाणी वाय-फायची लहर गिळतं. त्यामुळे अशा रानात डबा किती उंच आणि कोणत्या बांधावर, याला लागणीच्या वेळी एक उत्तर असतं आणि तोडणीच्या आधी दुसरं. इंदापूरकडच्या माझ्या भाच्याने परवाच विचारलं, "मामा, डबा विहिरीवर ठेवू का घरावर?" मी त्याला उड्या मोजायला सांगितल्या.

आपल्या गच्च्यांवरचे डबे काढलेले नाहीत. त्यांच्यावर आता गेटचे कॅमेरे आणि टाकीच्या पाण्याची पातळी दाखवणारं यंत्र चालतं. पुतण्याचा तो दोन रकान्यांचा कागद ऑफिसच्या कपाटात, २०२१ च्या इतिवृत्ताच्या फाइलमध्ये लावलेला आहे. नवीन कमिटी ओढ्याच्या भिंतीवर कॅमेरे बसवणार आहे असं ऐकतो. तो कोपरा क पासून एक उडी आहे, ड पासूनही एकच.