वृक्क, रेनीन आणि अतिरक्तदाब

रक्तातील टाकाऊ द्रव्ये मूत्रावाटे बाहेर टाकणे हे वृक्कांचे (मूत्रपिंडांचे) सर्वपरिचित कार्य होय. याखेरीज रक्तदाबाच्या नियंत्रणाशी संबंधित अशी काही द्रव्येही वृक्कांत तयार होतात. त्यांपैकी रेनीन हे प्रमुख असून त्याचा अतिरक्तदाबाशी (रक्तदाब कायमपणे प्रमाणाबाहेर वाढलेला असण्याच्या स्थितीशी) असलेला संबंध शोधण्याचे प्रयत्न सव्वाशे वर्षांहून अधिक काळ चालू आहेत. या शोधाचा इतिहास काहीसा चमत्कारिक आहे. ज्या विकाराचे कारण म्हणून रेनिनाकडे पाहिले गेले, त्या विकाराच्या बहुसंख्य रुग्णांत रेनीन वाढलेले नसते असे अखेर आढळून आले; मात्र त्याच विकारावरील अत्यंत उपयुक्त औषधे या शोधातूनच मिळाली.

वृक्क व रक्ताभिसरण यांचा संबंध प्रथम शवपरीक्षेतून सूचित झाला. लंडन येथील गाय्‌ज रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट यांनी १८३६ मध्ये असे नमूद केले की, वृक्के आकसून कठीण झालेल्या अनेक रुग्णांत हृदयाच्या झडपा निर्दोष असूनही हृदय, विशेषतः त्याचे डावे निलय, मोठे व जाड झालेले असते. बिघडलेले रक्त सूक्ष्म वाहिन्यांतून पुढे ढकलण्यास हृदयाला अधिक श्रम पडत असावेत, असा त्यांचा एक तर्क होता. रुग्णाचा रक्तदाब मोजण्याचे सोयीचे साधन त्या काळी उपलब्ध नव्हते. दंडाभोवती पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याची पद्धत इटलीतील शीप्योने रीव्हा-रॉची यांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध केली.

त्याच वर्षी स्टॉकहोममधील कॅरोलिन्स्का संस्थेत रॉबर्ट टीगरस्टेट हे फिनिश शरीरक्रियावैज्ञानिक व त्यांचे विद्यार्थी पेर बेर्गमान यांनी सशांवर प्रयोग सुरू केले. अधिवृक्क ग्रंथीच्या अर्काने रक्तदाब वाढतो हे १८९४ मध्ये ऑलिव्हर व शेफर यांनी दाखविले होते आणि शरीरातील इंद्रिये रक्तात काही द्रव्ये सोडतात ही कल्पना त्या काळी जोर धरीत होती. टीगरस्टेट व बेर्गमान यांनी सशाच्या वृक्काचा थंड पाण्यात काढलेला अर्क दुसऱ्या सशाच्या नीलेत टोचला असता त्याचा रक्तदाब वाढला. वृक्काच्या बाह्यकाच्या (बाहेरच्या थराच्या) अर्काने हा परिणाम होई, मध्यकाच्या अर्काने होत नसे. तसेच उकळल्यावर अर्क निष्प्रभ ठरे. या प्रभावी द्रव्याला त्यांनी ‘रेनीन’ हे नाव दिले व १८९८ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. इतरांना मात्र असेच परिणाम नेहमी मिळेनात. स्वतः टीगरस्टेट १९०० मध्ये हेल्सिंकीला गेले व या विषयाकडे परतले नाहीत. परिणामी रेनीन सु. पस्तीस वर्षे विस्मृतीत गेले.

त्याकडे पुन्हा लक्ष वेधले ते क्लीव्हलँड (अमेरिका) येथील विकृतिवैज्ञानिक हॅरी गोल्डब्लॅट यांच्या प्रयोगांनी. अतिरक्तदाबाच्या काही रुग्णांच्या शवपरीक्षेत इतरत्र रोहिण्या बऱ्या असून वृक्कांतील रोहिण्या तेवढ्या अरुंद झालेल्या त्यांना दिसल्या. रक्तदाब वाढल्यामुळे रोहिण्या बिघडतात हे तत्कालीन प्रचलित मत. त्याच्या उलट, रोहिण्या अरुंद झाल्यामुळे तर रक्तदाब वाढत नसेल, अशी शंका त्यांना आली. ती पडताळण्यासाठी त्यांनी चांदीचा एक छोटा चिमटा तयार केला. तो कुत्र्याच्या वृक्क रोहिणीवर बसवून स्क्रूच्या साहाय्याने हवा तेवढा आवळता येत असे. दोन्ही बाजूंच्या रोहिण्या अशा अंशतः आवळल्यावर कुत्र्यांचा रक्तदाब वाढला व दीर्घकाळ वाढलेलाच राहिला. हे काम १९३४ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रायोगिक प्राण्यात टिकाऊ अतिरक्तदाब खात्रीने निर्माण करण्याची पद्धती यामुळे हाती आली.

वृक्काकडून येणारा हा संदेश मज्जातंतूंतून जातो की रक्तातून, या प्रश्नाचे उत्तर ब्वेनस एअरीझ येथे मिळाले. बेर्नार्दो ऊसाय व हुआन कार्लोस फासिओलो यांनी १९३७ मध्ये, रोहिणी आवळून रक्तदाब वाढविलेल्या कुत्र्याचे वृक्क काढून ते दुसऱ्या कुत्र्याच्या मानेतील रक्तवाहिन्यांना जोडले. जोडलेल्या वृक्काचा मज्जातंतूंशी कोणताच संबंध उरला नव्हता, तरीही दुसऱ्या कुत्र्याचा रक्तदाब वाढला. निरोगी वृक्क जोडल्यास असे होत नसे. अर्थात हे कार्य रक्तात मिसळणाऱ्या द्रव्याचेच होते. पुढे एदुआर्दो ब्राउन-मेनेंदेस, लुईस लेलॉयर, मुन्योस इत्यादींनी असे दाखविले की, रेनीन स्वतः वाहिन्यांचे आकुंचन करीत नाही. ते एक एंझाइम (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणारे प्रथिन) असून रक्तद्रवातील एका प्रथिनाचे विघटन करून त्यातून प्रभावी द्रव्य मोकळे करते. तेव्हा रेनिनाला काटेकोर अर्थाने हॉर्मोन म्हणणे योग्य नव्हे. अमेरिकेत इंडियानापोलिस येथे अर्व्हिन पेज व त्यांचे सहकारी स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला आले होते. या द्रव्याला अर्जेंटिनात ‘हायपरटेन्सिन’, तर अमेरिकेत ‘अँजिओटोनिन’ म्हणत. नावांचा हा वाद जवळजवळ अठरा वर्षे चालला. १९५८ मध्ये पेज व ब्राउन-मेनेंदेस यांनी दोन्ही नावांचे अर्धे अर्धे भाग जोडून ‘अँजिओटेन्सिन’ हे नाव सुचविले व तेच रूढ झाले. अर्जेंटिनातील गट मात्र तोवर विखुरला होता. १९४३ मध्ये लोकशाहीच्या बाजूने जाहीरनाम्यावर सही केल्यामुळे लष्करी सरकारने ऊसाय यांना विद्यापीठातून काढून टाकले होते.

क्लीव्हलँड येथेच लेनर्ड स्केग्ज यांना १९५४–५६ या काळात आढळले की, अँजिओटेन्सिन दोन प्रकारचे असते. रेनिनामुळे प्रथम दहा ॲमिनो अम्लांचे व जवळजवळ निष्क्रिय असे अँजिओटेन्सिन–१ तयार होते. रूपांतरक एंझाइम त्यातील दोन ॲमिनो अम्ले तोडते व आठ ॲमिनो अम्लांचे, अतिशय प्रभावी अँजिओटेन्सिन–२ निर्माण होते. हे रूपांतर मुख्यत्वे फुप्फुसांतून रक्त वाहत असताना होते, असे १९६७ मध्ये दिसून आले. अँजिओटेन्सिन–२ हे रोहिणिकांचे आकुंचन तर करतेच, शिवाय अधिवृक्क ग्रंथीच्या बाह्यकास उत्तेजन देऊन ऑल्डोस्टेरोन हे हॉर्मोन स्रवण्यास भाग पाडते. ऑल्डोस्टेरोनामुळे वृक्क सोडियम व त्याबरोबर पाणी राखून ठेवतात आणि रक्ताचे घनफळ वाढते. रक्तस्राव, जुलाब किंवा मिठाचा अभाव अशा प्रसंगी ही योजना जीवरक्षक ठरते. वृक्क रोहिणी अरुंद झाल्यास वृक्काला रक्त कमी पोहोचते, तेव्हा सर्व शरीरातच रक्त कमी पडले आहे अशा थाटात वृक्क वागतो, असे म्हणता येईल.

प्रयोगशाळेतील यशाचा रुग्णांवर झालेला पहिला परिणाम फारसा हितावह नव्हता. एकाच बाजूचे वृक्क रोगग्रस्त असलेल्या एका बालकाचा रक्तदाब ते वृक्क काढल्यावर उतरल्याचे १९३७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर अतिरक्तदाबाच्या शेकडो रुग्णांची एकेक वृक्के काढण्यात आली. होमर स्मिथ यांनी १९५६ मध्ये अशा शस्त्रक्रियांचा आढावा घेतला, तेव्हा केवळ एक चतुर्थांशाच्या आसपास रुग्णांना खरा लाभ झाल्याचे दिसले. कुत्र्यातील कारण हेच प्रत्येक माणसातील कारण असे मानण्याची ही किंमत होती. वृक्क रोहिणी अरुंद असलेले रुग्ण एकूण रुग्णांत थोडेच असतात. भारतातील अशा तरुण रुग्णांत, विशेषतः स्त्रियांत, महारोहिणी व तिच्या शाखांचा दाह हे एक महत्त्वाचे कारण असते. मुंबईत प्रफुल्लकुमार सेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या विकाराचा सविस्तर अभ्यास करून १०१ रुग्णांवर आधारित ग्रंथ १९७३ मध्ये प्रसिद्ध केला.

औषधाचा मार्ग अनपेक्षित दिशेने सापडला. ब्राझीलमधील जराराका या विषारी सापाच्या दंशाने रक्तदाब एकाएकी खाली येतो. या विषाच्या अभ्यासातून रोशा ए सिल्वा व त्यांच्या सहकाऱ्यांना १९४९ मध्ये ब्रॅडिकायनीन हे वाहिन्या विस्फारणारे पेप्टाइड मिळाले. त्यांचे शिष्य सेर्झियो फेरेइरा यांना १९६५ मध्ये त्याच विषात ब्रॅडिकायनिनाचा परिणाम वाढविणारे घटक आढळले. ते घेऊन फेरेइरा लंडनला जॉन व्हेन यांच्या प्रयोगशाळेत गेले. तेथे वाय. एस. बखले यांनी १९६८ मध्ये दाखविले की, हेच घटक रूपांतरक एंझाइमाचेही कार्य रोखतात. ब्रॅडिकायनिनाचा नाश करणारे व अँजिओटेन्सिन–२ निर्माण करणारे एंझाइम एकच असल्याचे पुढे निश्चित झाले. विषातील पेप्टाइडे पोटात घेतल्यास निरुपयोगी ठरत. म्हणून अमेरिकेतील स्क्विब कंपनीच्या प्रयोगशाळेत डेव्हिड कुशमन व मिगेल ओंदेत्ती यांनी एंझाइमाच्या सक्रिय भागाची रचना तर्काने ठरवून त्यात नेमका बसेल असा लहान रेणू बनविला. हे कॅप्टोप्रिल औषध १९७७ मध्ये जाहीर झाले व १९८१ मध्ये अमेरिकेत वापरास मान्य झाले. ब्रॅडिकायनीन साचल्याने या वर्गातील औषधांमुळे काहींना कोरडा खोकला होतो. तो टाळणारी, अँजिओटेन्सिनाला पेशीवरील ग्राहींशी जोडले जाऊ न देणारी लोसार्टानसारखी औषधे १९९५ पासून उपलब्ध झाली.

वृक्कांत रक्तदाब कमी करणारी द्रव्येही तयार होतात. मूत्रात आढळणारे कॅलिक्राइन व मध्यकातील प्रोस्टाग्लँडिने ही त्यांची उदाहरणे होत. वेदनाशामक गोळ्यांच्या दीर्घ सेवनाने प्रोस्टाग्लँडिनांची निर्मिती खुंटून रक्तदाब वाढू शकतो, ही गोष्ट सामान्य वाचकानेही ध्यानात घेण्याजोगी आहे.

रक्तातील रेनीन मोजता येऊ लागल्यावर, निश्चित कारण न सापडणाऱ्या अतिरक्तदाबाच्या बहुतेक रुग्णांत त्याचे प्रमाण सर्वसामान्य व बऱ्याच जणांत उलट कमीच असल्याचे दिसून आले. तरीही वृक्काची जबाबदारी टळत नाही. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अतिरक्तदाबामुळे वृक्के निकामी झालेल्या सहा रुग्णांना निरोगी दात्यांची वृक्के बसविल्यावर त्यांचा रक्तदाब प्राकृत झाला व वर्षानुवर्षे तसाच राहिला. वृक्काची सोडियम बाहेर टाकण्याची क्षमता हा येथे कळीचा मुद्दा दिसतो. रक्तदाब वाढलेला असता रेनीन दबून अगदी कमी व्हावयास हवे. अशा वेळी त्याचे ‘सर्वसामान्य’ प्रमाणही वस्तुतः जास्तच असते, असाही एक विचार आहे व प्रस्तुत लेखकास तो ग्राह्य वाटतो. रेनीन वाढलेले नसतानाही ही औषधे अनेकांना का लागू पडतात, याचा उलगडा त्यामुळे काही अंशी होतो.

अरुंद वृक्क रोहिणी जाळीदार नळी घालून रुंद करण्याचा उपायही पुढे लोकप्रिय झाला. परंतु २००९ व २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत, रोहिणीकाठिण्याच्या रुग्णांना केवळ औषधांपेक्षा त्याने विशेष अधिक लाभ झाला नाही. दोन्ही बाजूंच्या रोहिण्या अरुंद असल्यास मात्र ही औषधे जपून वापरावी लागतात. अशा वृक्कांत रक्त गाळण्यासाठी लागणारा दाब अँजिओटेन्सिन–२ मुळेच टिकून असतो. ते रोखल्यास गाळण्याची क्रिया मंदावून वृक्के अकस्मात निकामी होऊ शकतात. गर्भाच्या वृक्कांनाही ती अपायकारक असल्याने गरोदर स्त्रियांना दिली जात नाहीत.