राव, पण कुठले?

मॅजेस्टिककडे जाताना आनंदराव सर्कल लागते. आपल्यापैकी बहुतेकांची बस तिथे कधी ना कधी अडकलेली असेलच! हे आनंदराव म्हणजे टी. आनंदराव, १९०९ ते १९१२ या काळातले म्हैसूर संस्थानचे दिवाण. घराणे मराठी. वडील सर टी. माधवराव हे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तिन्ही संस्थानांचे दिवाण होते. पण या बापलेकांच्या नावांत आडनाव शोधू गेल्यास सापडत नाही. तो 'टी' म्हणजे तंजावर.

१६३८ नंतर बेंगळुरू शहाजीराजांच्या जहागिरीत आले. पुढे त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे यांनी तंजावरला राज्य स्थापले. या दोन्ही निमित्तांनी कारकून, हिशेबनीस, शिपाई अशी कितीतरी मराठी कुटुंबे दक्षिणेत उतरली. इथली रीत वेगळी होती. आधी गावाचे अक्षर, मग वडिलांचे, शेवटी स्वतःचे नाव. अनेक कुटुंबांनी ती उचलली. 'राव' ही खरे तर आदराची जोड. पण इंग्रजी कागदपत्रांत ती शेवटी पडली आणि तेच आडनाव होऊन बसले.

यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. लिओनार्दो दा विंची म्हणजे विंची गावचा लिओनार्दो. आपल्या भाषेत विंचीकरच म्हणा ना! इंग्रजांचा स्मिथ आणि जर्मनांचा श्मिट हे दोघेही मुळात लोहार. आपल्या शहरातले फर्नांडिस म्हणजे पोर्तुगीज भाषेत फर्नांडोचा मुलगा. गोव्यात धर्मांतराबरोबर ही नावे आली. हॉलंडमध्ये तर कायमचे आडनाव नोंदवण्याची सक्ती नेपोलियनने १८११ साली केली. आइसलंडमध्ये आजही बहुतेक लोक वडिलांचे किंवा आईचे नावच पुढे लावतात, आणि त्यांचे काही अडत नाही.

आडनावावरून मराठी माणूस ओळखायला जाल तर धारवाडला फसाल. कुलकर्णी, देशपांडे, पाटील ही हुद्द्यांची नावे. ती अस्सल कानडी घरांतही पिढ्यान्‌पिढ्या आहेत.

अडचण येते ती परदेशी जाणाऱ्या मुलांची. अर्जात आडनावाचा रकाना रिकामा चालत नाही, मग त्या एका अक्षराचा विस्तार शोधावा लागतो. कुणाला तो गावाचा निघतो, कुणाला आजोबांचा, आणि कुणाच्या घरी तो सांगणारे आता कोणी उरलेले नसते. ज्यांच्याकडे आहेत त्यांनी या गणपतीतच विचारून लिहून ठेवावे. गोत्र सगळ्यांना पाठ असते, गाव नसते.

'राव' आणि आडनाव ही दोन्ही टिकवलेली मराठी घरेही या शहरात आहेत. १९५० साली इथेच जन्मलेले, पुढे इथल्याच बसवर कंडक्टर झालेले शिवाजीराव गायकवाड हे त्यातलेच. १९७५ साली ते तमिळ पडद्यावर आले तेव्हा दिग्दर्शक के. बालचंदर यांनी नाव, राव आणि आडनाव, तिन्ही बाजूला ठेवून त्यांना एकच शब्द दिला : रजनीकांत.