मैदानाचं पाणी

आमच्या पुंडलिकनगरात पाण्याचा दिवस असला की सकाळपासून मोटारींची घरघर सुरू होते. पाणी येतं जायकवाडीतून, तेही रोज नाही. त्यामुळे २०१६ चा एप्रिल इथे कुणाला मुद्दाम आठवून द्यावा लागत नाही.

१२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला पोहोचली. १० वाघिणी, ५ लाख लिटर. दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर न्या. अंतिम सामनासुद्धा मुंबईहून बंगळुरूला गेला.

आता खरं बोलायचं तर, त्याने लातूरला एक थेंबही जास्त मिळाला नाही. अशी टीका तेव्हाही झाली आणि ती चूक नव्हती. पण एकदाच होणारी स्पर्धा असती तर विषय तिथेच संपला असता. ही दरवर्षी ऐन उन्हाळ्यात येते, म्हणजे हिशोबही दरवर्षी मागता येतो. कोर्टात विचारणा झाल्यावर क्रिकेट मंडळ म्हणालं, रेसकोर्सवरचं शुद्ध केलेलं सांडपाणी वापरू. म्हणजे सोय होती! मग आधीच का नाही वापरली? हे शहराच्या कारभाऱ्यांनीही विचारायला हवं होतं, विचारलं एका जनहित याचिकेने.

त्याच महिन्यात औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातल्या मद्य कारखान्यांचं पाणी ६० टक्के कापायला सांगितलं. आमच्या वाळूजचे बिअर कारखाने त्यात आले. त्या बातमीमागे मात्र आयपीएलइतके कॅमेरे धावले नाहीत.