मोपा विमानतळ

गोव्याच्या पेडणे तालुक्यातील, महाराष्ट्राच्या सीमेलगतचा आंतरराष्ट्रीय विमानतळ. अधिकृत नाव ‘मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ’. ते माजी मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांच्यावरून दिले आहे. सरकारी-खासगी भागीदारीतील या विमानतळाची उभारणी व संचालन जीएमआर समूहाकडे आहे. पायाभरणी २०१६ मध्ये, उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले. ५ जानेवारी २०२३ पासून विमानसेवा सुरू झाली.

गोव्यातील आधीचा दाबोळी विमानतळ नौदलाच्या तळावर असल्याने नागरी उड्डाणांवर मर्यादा येत. त्यातून मोप्याच्या पठाराची निवड झाली. धावपट्टी सुमारे ३,५०० मीटर लांब असून पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला ४४ लाख प्रवाशांची आहे. टर्मिनलमध्ये निळ्या-पांढऱ्या अझुलेजु फरशा आणि गोमंतकीय कॅफेच्या धर्तीचे उपाहारगृह आहे. सौरऊर्जा प्रकल्प, पर्जन्यजल संधारण व सांडपाण्याच्या पुनर्वापराची सोयही आहे. सिंधुदुर्गातील बांदा व सावंतवाडी परिसरालाही हा विमानतळ जवळचा आहे.