फुटबॉलचा पंच : एकट्याचा अधिकार

‘पांचांमुखीं परमेश्वर’ अशी म्हण मराठींत रूढ आहे. परंतु फुटबॉलच्या मैदानावर न्याय देणारा पंच एकटाच असतो. त्याच्या हातीं ना दंड, ना शस्त्र. असते ती एक शिट्टी. तिच्या आवाजासरशीं बावीस धट्टेकट्टे खेळाडू थांबतात. हा अधिकार त्याला कसा मिळाला व तो राखण्यासाठीं त्याला काय काय सोसावें लागलें, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

१८६३ सालीं लंडनमध्यें फुटबॉल असोसिएशनची स्थापना होऊन खेळाचे नियम ठरले, तेव्हां त्यांत पंचाचा उल्लेखच नव्हता. सभ्य गृहस्थ जाणूनबुजून नियम मोडणार नाहीं, आणि चुकून मोडलाच तर दोन्ही संघनायक आपसांत निकाल लावतील, असा त्या काळच्या विद्यालयीन खेळाडूंचा विश्वास होता. पुढें स्पर्धा सुरू झाल्या, चुरस वाढली, आणि प्रत्येक संघ आपापला एक अंपायर नेमूं लागला. खेळाडूनें क्रिकेटप्रमाणें अपील केल्यावांचून अंपायर निर्णय देत नसे. दोघां अंपायरांचें एकमत न झालें, तर मैदानाबाहेर बसलेल्या तिसऱ्या गृहस्थाकडे तो वाद सोपविला जाई. ‘रेफरी’ या शब्दाचा मूळ अर्थ हाच : ज्याच्याकडे वाद सोपवावयाचा तो.

१८८५ सालीं इंग्लंडांत धंदेवाईक खेळाडूंना मान्यता मिळाली. खेळ हा पोटाचा व्यवसाय झाला आणि सभ्यपणावर विसंबण्याचे दिवस संपले. १८९१ सालीं अंपायर सीमारेषेवर जाऊन लाइन्समन झाले व पंच मैदानांत उतरला. आयर्लंडमधील विल्यम मॅक्रम यानें सुचविलेली पेनल्टी किकहि त्याच सालीं नियमांत आली. ‘सभ्य माणसावर फसवणुकीचा आरोप करणारा हा नियम!’ म्हणून कित्येकांनीं नाकें मुरडलीं. आपल्या मुंबईंत रोव्हर्स कपाची स्पर्धा सुरू झाली तीहि याच सालीं. पुढें थोड्याच वर्षांत अपिलाची वाट न पाहतां निर्णय देण्याचा अधिकार पंचाला मिळाला. मात्र अधिकाराबरोबर सारा रोषहि त्याच्या एकट्याच्याच वाट्याला आला.

या रोषाचें खरें स्वरूप १९३० सालीं दिसून आलें. पहिल्या जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना माँटेव्हिडिओ येथें उरुग्वे व आर्जेंटिना या शेजाऱ्यांत होता, आणि पंच होते बेल्जियमचे जॉन लांगेनुस. खालून उडणाऱ्या विमानाला चेंडू लागला तर काय करावें, या प्रश्नाचें उत्तर न आल्यामुळें ते पंचाच्या पहिल्या परीक्षेंत नापास झाले होते, असें सांगतात. पण माँटेव्हिडिओची परीक्षा त्याहून बिकट होती. प्रेक्षकांच्या झडत्या घेऊन त्यांना आंत सोडलें जात होतें. सामना संपतांच निघतां यावें म्हणून बंदरांत बोट तयार ठेवण्याची अट लांगेनुस यांनीं घातली होती. चेंडू कोणाचा वापरावा यावरूनहि वाद निघाला. तेव्हां पूर्वार्ध आर्जेंटिनाच्या व उत्तरार्ध उरुग्वेच्या चेंडूनें खेळविण्यांत आला. आर्जेंटिनाचा दुसरा गोल ऑफसाइड आहे असें उरुग्वेच्या नायकानें निक्षून सांगितलें. सारें मैदान यजमानांच्या बाजूचें. तरीहि लांगेनुस यांनीं तो गोल कायम ठेवला. उरुग्वेनें शेवटीं ४-२ असा विजय मिळविला; पण तो गोल देतांना पुढचा निकाल पंचाला कोठें ठाऊक होता?

निर्भयता असली तरी निर्णय समजलाहि पाहिजे. १९६२ सालीं सांतियागो येथें चिली-इटली सामन्यांत इंग्लिश पंच केन ॲस्टन यांनीं इटलीच्या दोघांना बाहेर काढलें. पहिला जाईना, तेव्हां पोलिसांना आंत यावें लागलें. चिलीच्या खेळाडूनें मारलेला ठोसा मात्र पंचाच्या नजरेंतून निसटला. १९६६ सालीं वेंब्ली येथें आर्जेंटिनाचा नायक रात्तीन याला जर्मन पंच क्राइटलाइन यांनीं बाहेर जाण्यास सांगितलें. एकाची भाषा दुसऱ्याला येईना आणि खेळ कित्येक मिनिटें खोळंबला. त्या स्पर्धेंत पंचांचे प्रमुख असलेले ॲस्टन मोटारींतून जात असतां रस्त्यावरील दिवे पिवळ्याचे लाल झाले, आणि त्यांना युक्ति सुचली : पिवळें म्हणजे सावधान, लाल म्हणजे थांबा! १९७० च्या मेक्सिकोंतील स्पर्धेंत हीं कार्डें आलीं. गंमत अशी कीं, त्या स्पर्धेंत लाल कार्ड एकदांहि दाखवावें लागलें नाहीं.

तरीहि मनुष्याचे डोळे ते मनुष्याचेच. १९८६ सालीं मॅराडोनानें हातानें केलेला गोल सर्व जगानें पाहिला. ट्युनिशियाच्या पंचाला तो हात दिसला नाहीं. अखेर २०१८ च्या जागतिक स्पर्धेंत चलच्चित्राची मदत घेण्यांत आली. २०२२ सालीं फ्रान्सच्या स्तेफनी फ्रापार या पुरुषांच्या जागतिक स्पर्धेंत मुख्य पंच होणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. साधनें बदललीं, माणसें बदललीं. परंतु चित्र पाहून झाल्यावरहि अंतिम निर्णय मैदानांतील पंचाचाच असतो. सामन्यांत दहाबारा किलोमीटर धांवून, दम लागला असतां, क्षणार्धांत त्यानें न्याय करावयाचा असतो. तो चुकला तर जन्मभर लोकांच्या स्मरणांत राहतो. बरोबर ठरला तर संध्याकाळपर्यंत त्याचें नांवहि कोणाला आठवत नाहीं. असें विसरलें जाणें हेंच त्याच्या यशाचें प्रमाणपत्र होय.