आधी गोष्ट, मग अक्षर : जालना जिल्ह्यातून पाहताना

विषय लहान मुलांच्या भाषेचा असला, तरी सुरुवात मी भोकरदन तालुक्यापासून करतो. तिथं ‘जाळीचा देव’ हे महानुभाव पंथाचं तीर्थक्षेत्र आहे. चक्रधरस्वामी मूळचे गुजरातचे. पण त्यांनी निरूपण केलं ते मराठीत, आणि ते करताना जागोजाग गोष्टी सांगितल्या. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस ‘लीळाचरित्रा’त त्यांच्या आठवणी एकत्र केल्या. त्यात कावळ्याच्या शेणाच्या आणि चिमणीच्या मेणाच्या घराची गोष्टही आहे. म्हणजे आपण आजीकडून ऐकलेली ही गोष्ट मराठीत किमान सातशे वर्षं चालत आलेली आहे.

ती एवढी टिकली कशी? तिची बांधणी बघा. कावळा दार वाजवतो. चिऊ दर वेळी त्याला थांबवते आणि नवं कारण देते. बाळाला न्हाऊ घालायचंय, अंग पुसायचंय, काजळ घालायचंय, तीट लावायचीय. वाक्याचा सांगाडा तोच राहतो, क्रियापद तेवढं बदलतं. तिसऱ्या-चौथ्या वेळेला मूल ते वाक्य सांगणाऱ्याच्या आधीच म्हणून मोकळं होतं. व्याकरणाचं नावही न घेता वाक्यरचना जिभेवर बसलेली असते.

आता निजामाच्या काळात या. सप्टेंबर १९४८ पर्यंत जालना हैदराबाद संस्थानात होतं. कारभाराची भाषा उर्दू, आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यमही उर्दूच. मराठी घरातल्या मुलाला वरचं शिक्षण परक्या भाषेत घ्यावं लागे. यात उर्दूला दोष देण्याचं कारण नाही. जालना शहरातल्या कितीतरी घरांची ती मायबोली आहे. मुद्दा एवढाच की, शाळेची आणि घरची भाषा वेगळी पडली की मुलाच्या भाषेचा सगळा भार घरातल्या गोष्टीवर, जात्यावरच्या ओवीवर, देवळातल्या कीर्तनावर येतो.

त्याच सुमारास भावनगरला गिजुभाई बधेका गोष्टीला शाळेत आणत होते. गोष्ट कशी सांगावी यावर त्यांनी ‘वार्तानुं शास्त्र’ हे पुस्तकच लिहिलं. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. वस्तीवरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाई आणि अनुताई वाघ बालवाडीच त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. १९७५ पासून सरकारी योजनेतून जी अंगणवाडी गावोगाव पोचली, तिच्यामागचा विचार हाच.

पण अंगणात गेलो म्हणजे भाषेतही गेलो, असं होत नाही. मंठा, परतूर, अंबड, घनसावंगी या भागांत बंजारा तांडे आहेत. तिथल्या मुलाची आई ‘याडी’ असते आणि भाकरी ‘बाटी’. आपले आजोबा ज्या जागी उर्दूपुढं बसले होते, त्याच जागी आज हे मूल मराठीपुढं बसलेलं आहे. हे कबूल करायला आपल्याला जड जातं.

उपाय फार खर्चाचा नाही. तांड्यावरच्या एखाद्या म्हातारीनं आज गोष्ट गोरमाटीत सांगावी, उद्या तीच गोष्ट ताईंनी मराठीत सांगावी. पुढं काय होणार हे मुलाला आधीच ठाऊक असतं, त्यामुळं नव्या शब्दांचा अर्थ त्याचा तोच लागतो. शिवाय दिवाळीनंतर इथली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात. पुस्तक मागं राहिलं, तरी ऐकलेली गोष्ट मुलासोबत फडावर जाते.

आधी मराठी शीक, मग आत ये, असं आपण या मुलांना फार वर्षं सांगत आलोय. चिऊनंही कावळ्याला असंच दाराबाहेर थांबवलं होतं. आता शाळेचं दार उघडायचं असेल, तर पहिली गोष्ट मुलाच्या भाषेत सांगावी लागेल.